गाडीचा एसी थंड करत नाही? गॅस भरून घेण्याआधी एवढं बघा

नौतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एसीवाल्यांच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग लागते, आणि रांगेतल्या बहुतेकांना एकच उत्तर मिळतं: "गैस कम है, भरवा लो." गॅस भरला की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी मालनपूरच्या एका कारखान्यात चिलर आणि कोल्ड रूमची देखभाल बघते. तिथली मशीनं खोलीभर आणि गाडीतलं बॉनेटखाली मावणारं, पण काम तेच. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची. त्यामुळे नात्यातल्या, वाड्यातल्या कुणाचाही एसी रुसला की गाडी माझ्या दारात येते. दर वेळी तपासणी मी हवेपासून सुरू करते आणि गॅसपाशी संपवते, आणि बऱ्याच गाड्या गॅसपर्यंत पोचतच नाहीत.

सगळ्यात आधी मोजा. "थंड करत नाही" हे मोघम झालं. वायरला टोचणी असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, फिश टँकवाले वापरतात तसला चालेल. गाडी सावलीत उभी करा, दारं-काचा बंद, तापमानाचा नॉब पूर्ण थंडावर, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, ब्लोअर मधल्या वेगावर. टोचणी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत खुपसा. इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत ठेवा आणि दहा मिनिटांनी आकडा वाचा. बाहेर अडतीस-चाळीस अंश असताना जाळीतून आठ ते बारा अंशांची हवा आली तर तुमचा एसी ठणठणीत आहे. पंचेचाळीसच्या दुपारी उभ्या गाडीत तेरा-चौदा आले तरी मी त्याला नावं ठेवत नाही. अठरा-वीसच्या वर असेल तर मात्र कुठेतरी बिघाड आहे. हा प्रयोग बंद गॅरेजात करू नका, धूर कोंडतो.

आमच्या मामींची गाडी दुपारभर फूलबागेजवळ उन्हात उभी असते आणि संध्याकाळी बसल्या बसल्या त्यांना एसी "मेलेला" वाटतो. तो मेलेला नसतो. स्टिअरिंगला हात लावता येत नाही इतकी गाडी तापलेली असते, सीट, डॅशबोर्ड, छप्पर सगळं आत उष्णता ओकत असतं. अशा वेळी चारही काचा खाली करून शे-दोनशे मीटर गाडी चालवा, ती भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. बाहेरची पंचेचाळीस अंशांची हवा सतत आत ओढत राहिलात तर एसीने किती नि काय करावं?

आता खरी तपासणी. पहिला प्रश्न असा: हवाच कमी येते, की हवा भरपूर येते पण कोमट येते? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

हवा कमी येत असेल

ब्लोअर चारवर घुरघुरतोय आणि चेहऱ्यावर झुळूकसुद्धा नाही, असं असेल तर नव्वद टक्के वेळा केबिन फिल्टर भरलेला असतो. तो असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. माझ्या मोठ्या काकांनी गाडी घेतल्यापासून तो एकदाही बदलला नव्हता, कारण "सर्व्हिसिंगला देतो की, ते बघत असतील." बिलात लिहिलेलं असतंच असं नाही आणि लिहिलं म्हणजे बदललंच असंही नाही. स्वतः काढून बघा.

बहुतेक छोट्या गाड्यांत तो डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करा, उघडा, दोन्ही बाजूंच्या भिंती आत दाबा, म्हणजे अडकवलेले खुंट सुटून बॉक्स खाली लोंबतो. काही गाड्यांत बाजूला एक दोरी किंवा छोटा दांडा असतो, तो आधी सोडवा, ओढाओढी केली की तुटतो. मागे एक आडवी प्लास्टिकची झाकणी दिसेल. तिच्या दोन्ही टोकांच्या कळा दाबून ती काढा आणि फिल्टर सरळ बाहेर ओढा. हळू ओढा, कारण त्याच्यावर जे साठलेलं असतं ते मांडीवर सांडतं.

काय साठलेलं असतं ते सांगते. वाड्यासमोर कडुलिंब आहे. चैत्रात त्याचा फुलोरा गळतो, ती बारीक पांढरी फुलं काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि फिल्टरच्या घड्यांमध्ये बसतात. त्यांच्यावर वाळलेल्या पानांच्या काड्या, मग मे महिन्यातल्या आंधीची धूळ, आणि एखाद्या पावसाची ओल लागली की या सगळ्याचा चक्क थर जमतो. एका शेजाऱ्यांच्या गाडीतून तर फिल्टरऐवजी उंदराने कुरतडलेला कापूस निघाला. गाडी उन्हाळ्याच्या सुट्टीभर उभी होती.

फिल्टर कागदी असेल तर झटकून, फुंकून पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, घड्यांच्या पोटातली धूळ निघत नाही. दोन-चारशे रुपयांत नवा मिळतो. आपल्याकडच्या धुळीत तो वर्षातून दोनदा बदला: एकदा फुलोरा सरल्यावर एप्रिलअखेर आणि एकदा पावसाळ्यानंतर. फिल्टरच्या कडेवर बाण छापलेला असतो, तो हवेच्या वाटेच्या दिशेने राहिला पाहिजे. नवा बसवण्याआधी त्या फटीत टॉर्च मारून आतला कचरा हाताने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढा, आणि बाहेरून काचेखालच्या जाळीवरची पानंही झाडा. नाहीतर नवा फिल्टर पंधरा दिवसांत जुना होतो.

फिल्टर स्वच्छ असूनही हवा कमी असेल तर डॅशबोर्डमागे हवा थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलवर धुळीचा लेप आहे किंवा ब्लोअरची मोटर थकली आहे. ही कामं डॅशबोर्ड उघडण्याची, ती गॅरेजवर सोडा. एक गोष्ट मात्र घरी ओळखता येते. आग्र्याला जाताना मुरैना येईपर्यंत एसी उत्तम चालतो आणि चंबळचा पूल ओलांडताना हवा बारीक होत होत बंदच पडल्यासारखी होते, असं असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. हवा परत आली तर निदान पक्कं. कारण कॉइलजवळचा तापमापक सेन्सर, तुंबलेला फिल्टर किंवा थोडा कमी झालेला गॅस यांपैकी एक असतं, आणि फिल्टर तुम्ही आधीच बघितलेला आहे.

हवा भरपूर, पण कोमट

इथे लोक लगेच गॅसवर येतात. थांबा.

एक साधा प्रश्न स्वतःला विचारा: धावत्या गाडीत थंड होतं आणि पडावच्या पुलाखाली अडकलं की गरम होतं का? उत्तर हो असेल तर समोरच्या कंडेन्सरला हवा मिळत नाही. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेली बारीक पात्यांची चौकट. केबिनमधून उचललेली सगळी उष्णता इथे बाहेर फेकली जाते. गाडी पळत असते तेव्हा वारा ते काम करतो, उभी असते तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर. पंखा बंद किंवा जाळी तुंबलेली असेल तर एसी चालवणं म्हणजे कूलर खिडकीऐवजी भिंतीला टेकवून लावण्यातला प्रकार.

पंखा बघायला बॉनेट उघडा, इंजिन आणि एसी चालू करायला दुसऱ्याला सांगा. ओढणी, पदर, सैल बाही, लांब वेणी, सगळं आवरून मगच वाका, कारण हा पंखा न सांगता सुरू होतो, कधी कधी इंजिन बंद केल्यावरसुद्धा. एसी चालू झाल्यावर थोड्याच वेळात पंखा जोरात फिरायला हवा. दोन पंखे असतील तर बहुतेक गाड्यांत दोन्ही. फिरत नसेल तर बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्याचं झाकण उघडा, झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. पंख्याचा फ्यूज काढून बघा, तार तुटलेली असेल तर त्याच अँपिअरचा नवा घाला. जास्त अँपिअरचा घालू नका, वायर जळते. फ्यूज चांगला असेल तर रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच. त्याच मापाचा दुसरा रिले शेजारीच असतो, अदलाबदल करून बघितलं की कळतं. पंखा फिरतो पण मरगळल्यासारखा फिरतो, हे पंखा बंद असण्याइतकंच वाईट, फक्त लक्षात येत नाही.

मग जाळी. समोरच्या ग्रिलमधून टॉर्च मारा. भिंड रस्त्यावर रोज जाणाऱ्यांची जाळी मी न बघता सांगू शकते: एप्रिलमध्ये भुसा भरलेल्या ट्रॉल्यांच्या मागे गाडी चालवली की तो सोनेरी भुसा पात्यांमध्ये असा काही रुतून बसतो, की शेतातली मळणी आपल्याच गाडीत झाली असं वाटावं. वर किडे, वर धूळ.

धुवायची रीत अशी. इंजिन थंड, चावी खिशात. सुकी धूळ आधी मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने झाडा, आडवं घासू नका, पाती कागदासारखी वाकतात. मग बागेची नळी घ्या, तोंडावर बोट न दाबता, आणि पाणी समोरून सरळ मारा, तिरकं नाही. इंजिनच्या बाजूने नळी जात असेल तर मागून पुढे मारणं जास्त चांगलं, कारण कचरा आला त्याच वाटेने परत जातो. धुलाई केंद्रावरच्या जोराच्या फवाऱ्याला इथे परवानगी नाही. ॲसिड, कपड्यांचा सोडा, कसलंही जालीम औषध नको, धातू ॲल्युमिनियमचा आहे. वायरचे जोड आणि अल्टरनेटर कोरडे राहू द्या. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जर गादीसारखा थर दिसला, तर वरचे कंस सैल करून दोघांना थोडं वेगळं करावं लागतं. ते गॅरेजात करून घ्या, पण मुद्दाम सांगून, कारण आपण होऊन ते कुणी करत नाही.

खात्री करायची एक जुनी युक्ती आहे. गाडी उभी, एसी चालू, थर्मामीटर जाळीत. समोरून ग्रिलमधून कंडेन्सरवर बादलीभर साधं पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात आकडा चार-पाच अंश उतरला तर गॅस कमी असण्याची शक्यता फारच थोडी. उष्णता बाहेर जायला वाट नाही, एवढाच त्याचा अर्थ. किंवा मागच्या वेळी कुणीतरी गॅस जास्त भरून ठेवलाय. जास्त गॅसनेही थंडावा कमीच होतो, हे लोकांना पटत नाही, पण कंडेन्सरमध्ये द्रवच साठून राहिला तर वाफेचा द्रव व्हायला जागा कुठे उरते?

पंखा आणि जाळी ठीक असतील तर कंप्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप. एसीचं बटण दाबताच बॉनेटखाली 'टक्' असा आवाज येतो आणि इंजिन क्षणभर दबतं. आवाज नाही म्हणजे कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच लागत नाही. फ्यूज, रिले, प्रेशर स्विच या क्रमाने बघायचं. काही नव्या गाड्यांच्या कंप्रेसरला क्लच नसतोच, तिथे ही खूण लागू नाही. टक्-टक् दर काही सेकंदांनी होत राहिलं तर मात्र गॅस खरोखर कमी आहे असं समजा. बेल्ट किंचाळत असेल किंवा त्याला भेगा असतील तर बदला, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

आणखी एक चोर असतो, तो म्हणजे हीटर. इंजिन तापेपर्यंत थंड आणि तापल्यावर कोमट, असं होत असेल तर डॅशबोर्डमधला फ्लॅप, म्हणजे हवेची वाट बदलणारी झडप, पूर्ण बंद होत नाही आणि गरम हवा मिसळते. नॉब थंड-गरम-थंड असा दोन-तीनदा फिरवा, आत काही सरकल्याचा आवाज येतो का ऐका. तसंच आतली हवा फिरवण्याचं बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलून भरदार व्हायला हवा. बदलला नाही तर तो फ्लॅप अडकलाय, बाहेरची लू सरळ आत येतेय. आमच्या पुतण्याच्या गाडीत फ्लॅपमध्ये कडुलिंबाची डहाळी निघाली होती.

गाडीखाली पाणी ठिबकत नाही म्हणून घाबरून येणारेही असतात. ते पाणी हवेतल्या दमटपणाचं असतं. मेमधल्या कोरड्या लूत दमटपणाच नसतो, त्यामुळे थेंब-दोन थेंबच पडतात. जुलैत तीच गाडी धार लावते. जुलैत बाहेर काहीच पडत नाही आणि डाव्या बाजूची चटई ओली होते, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

गॅसवाल्याकडे जायची वेळ आली तर

एवढं सगळं बघून झालं, जाळ्या स्वच्छ, पंखा तेज, तरी हवा अठराच्या वर. आता जा. पण गाडीचा एसी बंदिस्त असतो, पेट्रोलसारखा गॅस रोज जळत नाही. वर्षानुवर्षांत नळ्यांमधून थोडा झिरपतो, ते सोडा. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि गळती न शोधता भरणं म्हणजे पैसे हवेत सोडणं.

एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे कुणी तुम्हाला फसवणार नाही. इंजिन बंद असताना गेज, म्हणजे दाब मोजायचा काटा, लावून "देखो, प्रेशर कम है" म्हणणाऱ्याला विचारा, तापमान किती आहे? आपल्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. आत द्रव आणि वाफ दोन्ही असतील तोवर त्याचा दाब फक्त तापमानावर ठरतो: पंचवीस अंशांना साधारण ८० पीएसआय, चाळीस अंशांना १३० च्या थोडा वर. आत दोनशे ग्रॅम असो की चारशे, आकडा तोच. म्हणजे बंद गाडीवरचा गेज एवढंच सांगतो की गॅस अगदी संपलेला नाही. किती आहे ते कळायला तो पूर्ण काढून वजन करावं लागतं, दुसरा उपाय नाही. चालू गाडीत मात्र गेज बोलका असतो. त्याला दोन काटे असतात, कमी दाबाच्या बाजूचा आणि जास्त दाबाच्या बाजूचा. कमी बाजूचा काटा खूप खाली आणि जास्त बाजूचाही खाली, तर गॅस कमी. जास्त बाजू वर चढलेली, तर कंडेन्सर, पंखा किंवा जादा गॅस. कमी बाजू वर आणि जास्त बाजू खाली, दोघं जवळजवळ आलेले, तर कंप्रेसर थकलाय, आणि हे मोठ्या खर्चाचं काम आहे, दुसऱ्याकडूनही तपासून घ्या.

मी दुकानात गेले की आधी बॉनेटखालचं स्टिकर दाखवते. त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, छोट्या गाड्यांत बहुधा साडेतीनशे ते पाचशेच्या दरम्यान. "भैया, तौल के भरना, पाइप छू के नहीं." बरेच जण जाडी नळी हाताला गार लागली की झालं म्हणतात. पाचशेच्या जागी साडेसहाशे जातो तो असाच. मग विचारते, लीक कुठे आहे? नळ्यांच्या जोडांवर आणि कंप्रेसरच्या तोंडाशी तेलकट, धुळीने काळा पडलेला डाग शोधायचा, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येतं. डाग नसेल तर नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावायचा किंवा रंगद्रव्य टाकून निळ्या दिव्याने बघायचं. बऱ्याचदा दोष जोडातल्या एखाद्या ओ-रिंगचा, म्हणजे रबरी कड्याचा निघतो.

जोड उघडला असेल तर आतली ओल शोषणारा ड्रायर बदलून घ्या. त्यानंतर व्हॅक्यूम निदान अर्धा तास, आणि पंप बंद केल्यावर काटा जागच्या जागी राहतो का हे दहा मिनिटं डोळ्यांनी बघा. चहा प्यायला जाऊ नका, ही दहा मिनिटं तिथेच उभं राहायचं. व्हॅक्यूमचं काम फक्त हवा काढणं नाही, आतली ओलही त्यात उकळून बाहेर जाते. ओल राहिली तर गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ धरतो आणि एसी थोडा वेळ थंड, थोडा वेळ गरम असा खेळ करतो. शिवाय तेलाबरोबर मिळून ती आम्ल बनवते आणि कंप्रेसर आतून खाते.

जुना गॅस हवेत सोडू देऊ नका, मशीनने ओढून घेणारं दुकान शोधा. एक किलो आर-१३४ए हवेला १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. म्हणजे चारशे ग्रॅम सोडला की साडेपाचशे किलोचा हिशेब. गळती बुजवणारी डबाबंद औषधं टाळा, ती नळीबरोबर व्हॉल्व्हही बुजवतात. स्वस्तात मिळणारा बिननावाचा डबाही नको, त्यात पेटणारा गॅस मिसळलेला असू शकतो. घरी स्वतः गॅस भरायच्या फंदात पडू नका. हा द्रव उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो, डोळ्यात किंवा बोटांवर उडाला तर मांस गोठतं. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर नारिंगी वायरींना हातही लावू नका. तिच्या कंप्रेसरचं तेल वेगळं असतं, ते काम कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये.

दिवाळीनंतर इथे कुणी एसीला हात लावत नाही, आणि बऱ्याच गळत्या तिथेच जन्म घेतात. कंप्रेसर चार महिने फिरला नाही की तेल फिरत नाही, दांड्याभोवतीचं सील कोरडं पडतं आणि एप्रिलमध्ये पहिल्यांदा बटण दाबल्यावर गॅस तिथून निघून जातो. जानेवारीत धुकं पडतं तेव्हा समोरची काच आतून धुरकटते. ती कापडाने पुसत बसण्यापेक्षा हवा काचेकडे वळवा, नॉब गरमवर ठेवा आणि एसीचं बटण दाबा. एसी हवा कोरडी करतो, काच दोन मिनिटांत साफ होते आणि सीलला तेलही मिळतं. धुकं नसेल त्या आठवड्यात दुपारी, ऊन असताना, दहा मिनिटं चालवला तरी पुरे.